फांदीवर उगवणारे लाल-केशरी पेले: हा प्रकार नेमका आहे तरी काय? आणि तो परभणीत दिसेल का?

मंडळी, पाऊस सुरू झाला की व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवर एक फोटो हमखास फिरायला लागतो. कुजक्या फांदीवर ओळीने उभे असलेले इवलेसे पेले. रंग लालभडक, केशरी, नाहीतर फिकट गुलाबी. काहींच्या अंगावर बारीक केस, आत पावसाचं पाणी साठलेलं. खाली कुणी लिहितं, "निसर्गाचा चमत्कार". कुणी विचारतं, "हे खातात का हो?" आणि हल्ली तिसरा प्रश्नही ठरलेला असतो, "हा एआयने बनवलेला फोटो तर नाही ना?"

तिसऱ्याचं उत्तर आधी देऊ. एखादा फोटो खोटा असेलही, निळेशार चमकणारे पेले दिसले तर शंका जरूर घ्या. पण असे लाल-केशरी पेले जगात खरोखर आहेत. ते फूल नाही, फळ नाही, शेवाळही नाही. ती बुरशी आहे. 'सार्कोसायफेसी' नावाच्या कुलातली बुरशी. हे नाव ग्रीक भाषेतल्या दोन शब्दांवरून आलंय, एकाचा अर्थ मांस आणि दुसऱ्याचा पेला. म्हणजे सरळ मराठीत 'मांसल पेला'. नाव ठेवणाऱ्याने फार डोकं लावलं नाही, पण बसलंय अगदी चपखल.

आता "खातात का" या प्रश्नाकडे येऊच. तो सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून त्याला नीट वेळ देऊ. त्याआधी हे पेले काम काय करतात ते बघू.

छत्री नाही, पेला

बुरशी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुत्र्याची छत्री येते. दांडा, वर टोपी, टोपीखाली पापुद्रे. त्या पापुद्र्यांवर बीजाणू तयार होतात आणि खाली गळतात. बीजाणू म्हणजे बुरशीचं बी समजा, फक्त इतकं बारीक की एकेकटं डोळ्यांना दिसत नाही.

पेल्याच्या बुरशीची तऱ्हा उलटी. तिचं पीक छताखाली नाही, तर पेल्याच्या आतल्या रंगीत अंगावर येतं. तिथे लांबट, नळीसारख्या असंख्य सूक्ष्म पिशव्या एकमेकींना खेटून उभ्या असतात, आणि बहुतेक वेळा एकेका पिशवीत आठ-आठ बीजाणू असतात. पिशव्यांच्या मध्ये बारीक धागे असतात. पेल्याचा रंग मुख्यत्वे या धाग्यांतला. तो येतो कॅरोटिनॉइड गटातल्या रंगद्रव्यांमुळे, म्हणजे गाजराला ज्या गटातली द्रव्यं रंग देतात तीच मंडळी इथेही हजर. त्यामुळे "इतका भडक रंग म्हणजे विषच असणार" हे जसं खरं नाही, तसंच "गाजरासारखा रंग आहे, म्हणजे पौष्टिक असणार" हेही खरं नाही.

पिशवीत बीजाणू तयार करणाऱ्या बुरशींचा गोतावळा प्रचंड मोठा आहे, आणि परभणीकरांना तो अजिबात अनोळखी नाही. पावातलं यीस्ट त्यातलंच. बाजरीवरचा अरगट त्यातला. तुरीचा उभा प्लॉट वाळवणारा मर रोग ज्या बुरशीने होतो ती याच गोतावळ्यातली, आणि त्या रोगावर बियाण्याला चोळतात ती ट्रायकोडर्माही त्याच घरातली. दुखणं आणि औषध एकाच खानदानात! परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ साली सुरू झालं तेव्हापासून या गोतावळ्याशी झगडतंय. लाल पेला मात्र कुणाच्या पिकाच्या वाटेला जात नाही. तो मेलेल्या लाकडावर जगतो.

पेल्यातून निघणारा धूर

या बुरशीची खरी गंमत तिच्या पिशव्यांत आहे. पिकलेली पिशवी पाण्याने टम्म फुगते आणि आतला दाब वाढत जातो. पिशवीच्या तोंडाशी एक बारीकसं झाकण असतं. दाब हाताबाहेर गेला की ते उघडतं आणि आठही बीजाणू बाहेर फेकले जातात. कुकरची शिट्टी उडावी तसं.

एक पिशवी फुटली तर आपल्याला काहीच कळणार नाही. पण पेल्यातल्या हजारो पिशव्या एकदम पिकून तयार असतील आणि तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली किंवा कुणी फांदी उचलली, तर सगळ्या एका दमात फुटतात. पेल्यातून चक्क धुरासारखा फवारा उठतो. इटलीच्या मिकेली नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७२९ सालच्या आपल्या ग्रंथात हा प्रकार नोंदवलाय. पेला कानाशी धरला तर बारीक फुस्स असा आवाज येतो, असंही अभ्यासकांनी लिहून ठेवलंय.

सगळ्यांनी एकदम फुटण्यात फायदा काय? बीजाणू इतका हलका असतो की एकटा उडाला तर हवेचा अडथळा त्याला काही मिलीमीटरवरच थांबवतो. हजारो बीजाणू एकत्र सुटले तर ते स्वतःबरोबर हवाही ओढून नेतात. म्हणजे स्वतःचा वारा स्वतःच तयार करतात, आणि मागून येणारे त्या वाऱ्यावर बसून कितीतरी पट लांब जातात. २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी हे मोजून दाखवलं. त्यांनी त्यासाठी वापरलेली बुरशी लाल पेल्याची नव्हती, स्क्लेरोटिनिया नावाची होती. तीही छोटे पेले काढते, फक्त मातकट रंगाचे, आणि ती हरभरा, सूर्यफूल, मोहरी अशा पिकांवर रोग पाडते. तेव्हा शेतकऱ्याच्या दृष्टीने हे नुसतं कौतुकाचं प्रकरण नाही.

आता उष्ण प्रदेशातल्या पेल्याची अडचण बघा. 'कुकीना' ही या कुलातली आपल्याकडची प्रजाती. तिचे पेले चांगले खोलगट, पाऊस पडला की भरून जातात. पाण्याखाली पिशव्या फुटून उपयोग काय? तर पेल्यातलं पाणी आटेपर्यंत ती थांबते. पाणी वाफ होऊन उडताना पेला थंड पडतो, आणि ही थंडी जाणवली की पिशव्या सुटतात. मराठवाड्यात उन्हाळा काढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. माठातलं पाणी गार होतं तेही याच नियमाने. आपण माठ गार पाण्यासाठी वापरतो, ही बुरशी त्याच युक्तीचा घड्याळासारखा वापर करते.

कुकीना आणि 'जगात जर्मनी'

कुकीना हे नाव मॉर्डेकाय क्युबिट कुक या इंग्रज बुरशीतज्ज्ञावरून पडलं. लंडनमध्ये तेव्हा 'इंडिया म्युझियम' होतं, भारतातून गेलेल्या वस्तूंचं, तिथे या कुकसाहेबांनी बरीच वर्षं नोकरी केली. नाव दिलं ते ओट्टो कुंट्झे या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने, १८९१ साली. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी. हा कुंट्झे मोठा खटपट्या माणूस. रुळलेली हजारो शास्त्रीय नावं त्याने एकाच ग्रंथात बदलून टाकली आणि जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांचा रोष ओढवून घेतला. त्याची बरीच नावं पुढे कुणी मानली नाहीत. कुकीना मात्र टिकलं.

आपल्या पश्चिम घाटातून कुकीनाच्या नोंदी आहेत. त्यातली 'कुकीना ट्रायकोलोमा' ओळखायला त्यातल्या त्यात सोपी. पेला साधारण एक ते तीन सेंटीमीटर रुंद, खाली बारीक देठ, रंग पिवळसर केशरीपासून गुलाबी-लालपर्यंत, आणि बाहेरून साध्या डोळ्यांना दिसतील एवढे लांब केस. तिची बहीण 'कुकीना सल्सिपेस'. तिचे केस आखूड आणि काठाजवळ गोल रांगेत. याच कुलातली तिसरी 'फिलिप्सिया'. हिला केस नाहीत, खोली नाही, जवळजवळ बशीच. आतून गडद, जांभळट लाल आणि बाहेरून फिकट.

इंटरनेटवर सगळ्यात जास्त फिरतो तो लालभडक पेला बहुधा यांतला कुणीच नसतो. तो 'सार्कोसायफा', थंड हवेच्या प्रदेशातला. युरोपात हिवाळा संपता संपता ओल्या फांद्यांवर येतो. तेव्हा "आपल्या सह्याद्रीतला चमत्कार" म्हणून आलेल्या फोटोत आजूबाजूला बर्फ आणि हिरवंगार मॉस दिसत असेल, तर सह्याद्री कुठला हे पाठवणाऱ्याला विचारायला हरकत नाही. शिवाय सार्कोसायफाच्या काही जाती बाहेरून इतक्या सारख्या असतात की सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू आणि केस बघितल्याशिवाय तज्ज्ञही नाव सांगत नाहीत. फोटोवरून अर्ध्या मिनिटात जात सांगणाऱ्या अ‍ॅपवर किती भरवसा ठेवायचा, हे यावरून समजून घ्या.

मग परभणीत का दिसत नाहीत?

पहिलं उत्तर सगळ्यांना सुचतं, पाऊस कमी. ते खरंही आहे. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, परभणीत साधारण आठशे-नऊशे. पण मला वाटतं, आकड्यापेक्षा पावसाच्या मधला खंड जास्त महत्त्वाचा आहे. घाटात जून ते सप्टेंबर फांदी ओलीच राहते. परभणीत जुलैमध्ये झोडपून पाऊस होतो आणि मग दोन-तीन आठवडे आभाळ फिरकतही नाही. तेवढ्या उघडिपीत बोटाएवढी फांदी वाळून कडक होते. ज्या बुरशीला महिनोन्महिने लाकडात धागे पसरवायचे आहेत, आणि मगच पेला काढायचा आहे, तिचं इथे कसं जमणार?

दुसरं कारण फारसं कुणी बोलत नाही. ते म्हणजे मेलेली फांदी आपल्याकडे जमिनीवर राहतच नाही. जिल्ह्यात जंगल आधीच नावाला. जिंतूरकडचे डोंगर आणि गंगाखेडच्या बाजूची बालाघाटाची रांग सोडली तर बाकी सगळी काळी, कसलेली जमीन. बांधावरच्या बाभळीची वाळकी काटकी सरपणाला जाते. कापूस निघाला की पऱ्हाट्या, तूर निघाली की तुराट्या, सगळं एकतर चुलीत, नाहीतर शेतातच पेटवलेलं. यात शेतकऱ्याला बोल लावायचं कारण नाही, सरपण ही गरज आहे. पण पेल्याच्या बुरशीचं घर म्हणजे सावलीत, ओल्या पाचोळ्यात महिनोन्महिने पडून राहिलेली फांदी. ती फांदीच नसेल तर पाऊस कितीही पडो.

सह्याद्रीतल्या देवरायांकडे बघा. अनेक देवरायांत पडलेलं लाकूडसुद्धा उचलायचं नाही असा दंडक आहे, देवाचं आहे म्हणून. त्या श्रद्धेमुळे आपोआपच कुजकं लाकूड जागेवर राहिलं आणि त्याच्या जिवावर जगणारी बुरशी, किडे, गोगलगायी राहिल्या. जीर्णोद्धार म्हणून देवराईत फरशी बसवली, 'स्वच्छता' म्हणून पाचोळा गोळा करून जाळला, की हे सगळं जातं. मोठी झाडं उभी असतात, त्यामुळे काही बिघडलंय असं वाटतही नाही. वणव्याचंही तसंच. झाडं पुढच्या पावसात फुटतात, पण जमिनीवरच्या फांद्यांची राख झालेली असते.

खातात का हो?

आता मूळ प्रश्न. मेक्सिको आणि मलेशियात काही स्थानिक समाज कुकीनाचे पेले खातात. एवढं वाक्य तोडून कुणी फॉरवर्ड करू नका, कारण पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या तीच बुरशी, त्याच जंगलात, त्याच पद्धतीने शिजवून खात आलीत. त्यांचं ज्ञान फोटोबरोबर फॉरवर्ड होत नाही. आणि बोटाच्या पेराएवढा चिवट पेला खाऊन पोट भरण्यासारखंही काही नाही.

"पेल्याच्या आकाराची म्हणजे सुरक्षित" हा नियमही चालणार नाही. याच गणात हिमालयातली महागडी गुच्छी येते, लग्नाच्या मेनूत मिरवणारी. तीसुद्धा कच्ची खाल्ली तर बाधते. आणि त्याच गणात गायरोमित्रा ही गुच्छीसारखी दिसणारी बुरशीही येते, जिच्यामुळे माणसं दगावलेली आहेत.

घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या परीक्षा तर सरळ विसरा. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण निळी होते, किडे खातात म्हणजे माणसालाही चालतं, भडक रंग विषारी आणि पांढरी चांगली. यातली एकही परीक्षा खरी नाही. जगात सर्वाधिक बळी घेणाऱ्या अळंबीचा रंग फिकट हिरवट-पिवळसर असतो, आणि तिचे पांढरेशुभ्र भाऊबंदही तितकेच घातक. तिचं विष लगेच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा, उलट्या-जुलाब सुरू होतात. मग दुसऱ्या दिवशी बरं वाटायला लागतं, आणि तोवर आत यकृत निकामी होत असतं. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन आठवडाभरात तेरा जणांचा जीव गेला, त्यात चहामळ्यातल्या कुटुंबांतली माणसं होती, लहान मूलही होतं.

म्हणून रानातली अळंबी खाल्ल्यावर कुणाला त्रास झाला, तर "बघू सकाळपर्यंत" म्हणून थांबू नका. दवाखान्यात न्या, आणि उरलेली अळंबी किंवा तिची शिजवलेली भाजी सोबत घेऊन जा. डॉक्टरांना तिचा उपयोग होतो. खायचीच असेल तर बाजारात धिंगरी मिळते, बटण मिळते, त्यावर ताव मारा. रानातल्या लाल पेल्याला हात लावला म्हणून मात्र काही होत नाही, एवढं घाबरायचं कारण नाही.

परभणीत शोधायचंच असेल तर

लाल पेला नाही मिळाला तरी पेल्याच्या आकाराची बुरशी परभणीत बघायला मिळू शकते, फक्त जंगलात नव्हे, उकिरड्यावर आणि कुंड्यांत. पावसाच्या दिवसांत जुन्या शेणखतावर, कुजक्या लाकडाच्या तुकड्यावर, क्वचित कुंडीतल्या मातीवर मिरीहून थोडे मोठे, राखाडी-तपकिरी पेले दिसले तर वाकून बघा. आत मसुरीच्या दाण्यांसारख्या चपट्या गोळ्या असतील तर ती 'पक्ष्याच्या घरट्याची बुरशी'. पावसाचा टपोरा थेंब बरोबर पेल्यात पडला की त्या गोळ्या उसळून मीटरभर लांब जातात. आकार पेल्याचा असला तरी नात्याने ती कुकीनापेक्षा छत्रीवाल्या अळंबीला जवळची. पेल्याचा आकार निसर्गाने एकाहून जास्त वेळा शोधलाय, असं म्हणायचं.

आणि कालव्याच्या कडेला कायम ओल्या राहणाऱ्या ओंडक्यावर एखादी लालबुंद टिकली दिसली, काठाला पापण्यांसारखे काळपट केस, तर ती 'स्कुटेलिनिया' असू शकते. सार्कोसायफेसीची ही लांबची नातेवाईक, कूळ वेगळं. हिला देठ नाही, खोलीही नाही, आणि बहुतेक वेळा ती सेंटीमीटरभरही भरत नाही.

असं काही सापडलं तर फोटो वरून एकच काढून थांबू नका. वरून एक, बाजूने एक, म्हणजे देठ आणि केस दिसतील. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, मापाचा अंदाज येतो. बुरशी कशावर उगवलीय, फांदीवर, शेणावर की मातीवर, ते दिसू द्या, आणि झाड ओळखता आलं तर त्याचं नावही लिहा. तारीख आणि गाव टाका. 'आयनॅचरलिस्ट'सारख्या संकेतस्थळावर अशी नोंद टाकली तर जगभरचे अभ्यासक ती बघतात. मराठवाड्यातून अशी माहिती जितकी येईल तितकी हवीच आहे, कारण बुरशी बघायला जाणारे सगळे घाटाकडेच जातात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, शिवाय वाळवून ठेवलेल्या नमुन्यांचं 'आजरेकर' संग्रहालयही आहे. तिथल्या प्रत्येक नमुन्यालाही शेवटी हीच माहिती लागते: कुठे, कधी, कशावर.

फांदी मात्र उचलून घरी आणू नका. फोटो झाला की होती तशी, होती त्याच बाजूने ठेवून द्या. आणि ठेवण्याआधी पेल्यावर एकदा हळूच फुंकर मारून बघा. पिकलेला असेल तर धूर निघेल.